सदतीस नंबरच्या घरातली दुसरी चूल

बोरदऱ्यात जाऊन चांगुणाबाईचं घर कुठलं म्हणून विचारा. माणूस आधी तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघेल, मग सावळीरामआबांच्या ओट्याकडं बोट करेल आणि म्हणेल, "आबांचंच की. एकच घर हाय ते." विचारणारा गावातलाच असला, तर मात्र बोट थोडं वळून घराच्या मागं जाईल. तिथं पूर्वी गोठा होता. गेली चौदा वर्षं त्या गोठ्यात चांगुणा राहते.

आता याला तुम्ही खोटं बोलणं म्हणाल. म्हणा खुशाल, पण बोरदऱ्यात कुणी म्हणत नाही. घर फुटलं की घरातल्यांनी ते गिळायचं, शेजाऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं करायचं आणि परक्या माणसासमोर सगळ्या गावानं मिळून झाकायचं, अशी तिथली रीत. घरात चुली दोन असोत की तीन, पाहुण्याला सांगायची एक. पोरींच्या सोयरिकी जमतात त्यानं. फुटलेल्या घरातली पोर कोण करतो?

ओझर मागं टाकून पुढं गेलं की डांबरी सोडून आत चार किलोमीटरवर हे गाव आहे. चांगुणा इथं नांदायला आली त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा गेणू हसतमुख, जरा वेंधळा. त्याचा थोरला भाऊ सावळीराम, म्हणजे चांगुणाचा भाया, गावाचा आबा. भायापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही रीत चांगुणानं अशी पाळली की एकतीस वर्षांत तिनं आबांशी थेट एक शब्द काढला नव्हता. अडलं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर शेळीला. "शेळे, तलाठी आलेत म्हणावं." आबाही पक्के, तेही शेळीलाच उत्तर द्यायचे, "बसायला सांग म्हणावं त्यांना." येणाऱ्याजाणाऱ्याला हसू यायचं, पण या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेणू काविळीनं गेला. वर्षभरात आबांनी चांगुणाच्या मुलीचं, अंजलीचं लग्न काढलं. पोर नववीत होती. चांगुणा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून जरा मोठ्यानंच म्हणाली, "भिंतीबाई, माझी पोर धा-बारा शाळा शिकल्याबिगर लगीन नाय." दुसऱ्या दिवशी ती द्राक्षाच्या बागेतून थिनिंगचं काम करून, म्हणजे कात्रीनं घडातले मणी विरळ करून, संध्याकाळी परतली, तर तिची भांडी मागच्या दाराबाहेर मांडलेली. दोन ताटं, तांब्या, पातेलं, परात, तवा. वाद नाही, शिवी नाही. तिनं पदर खोचला, माती कालवली आणि गोठ्यात चूल घातली.

आणि ही गोष्ट तिनंही झाकलीच. अंजली बारावी झाली, देवळ्याचं स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांना सांगितलं, आम्ही एकत्रच. कन्यादान आबांनीच केलं. पुतणीला वाटं लावताना तो माणूस लहान मुलासारखा रडला, हेही खरं. चांगुणाला त्या दिवशी आबांचा राग करताच येईना. अंजलीच्या सासरी आजही ठाऊक आहे की देवळ्याच्या सुनेचं माहेर म्हणजे एकचुली घर.

उरली जाऊ, कुसाबाई. ती चांगुणाहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आणि चारेक वर्षांपासून तिला नीट दिसत नाही. दाण्यातला खडा तिला कळत नाही. आबा पारावर गेले की ती मागच्या दारानं गव्हाचं सूप घेऊन येते, चांगुणा निवडून देते. कधी नखं काढून देते, कधी केस विंचरून देते. दोघी त्यावर बोलत नाहीत. आबांना हे ठाऊक असावं. पण जे घर फुटलंच नाही, त्यातल्या बायका लपून भेटतात, हे बोलणार तरी कसं?

असं सगळं झाकूनपाकून बरं चाललं होतं. मग कारखाना आला.

म्हणजे कारखाना अजून आला नव्हता, त्याची माणसं आली होती. बोरदरा आणि शेजारची दोन गावं मिळून एवढा मोठा कारखाना व्हायचा होता की गावठाणासकट सगळं उठणार होतं. कशाचा कारखाना, ते प्रत्येक जण वेगळंच सांगायचा. पण त्याआधी म्हणे गावावर काय परिणाम होईल ते मोजायचं असतं. गावानं त्याचं नाव ठेवलं परिणामवाला सर्व्हे. मोजायला नाशिकहून एक पोरगी आली, स्नेहल नावाची. तिथंच द्वारका चौकात तिच्या संस्थेचं ऑफिस. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलायला गोड. आबांच्या ओट्यावर तिला चहा झाला.

"आबा, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत? फार चांगले, चांगले, साधारण की वाईट?"

"लिवा, फार चांगले," आबा म्हणाले. बांधावरून ज्याच्याशी सात वर्षं कोर्टात चालू होतं, तो शेजारी त्याच वेळी समोरून चालला होता. त्यानंही मान डोलावली. परक्यासमोर करणार काय!

"घरात चुली किती?"

"एक."

दाराच्या आड चांगुणा उभी होती. तिनं आबांच्याच घरात केलेला चहा बाहेर आणून दिला होता, पाहुणे आले की ती पुढच्या घरात येऊन वावरायची. स्नेहलनं मान वळवून विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्यातच ना? जेवण एकत्रच?"

चांगुणानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान हलवली. हो म्हणून.

एवढंच. तिला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. लेकीच्या सासरच्यांपुढं हलवली होती तशीच तिनं ती मान हलवली. स्नेहलनं बोटानं टॅबवर टिचकी मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

दिवाळी झाली आणि पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. चांगुणाला सही येते, बाकी वाचायला जड जातं. तिला यादी वाचून दाखवली मासूमानं. मासूमा तिच्याबरोबर कांद्याच्या चाळीत निवडणीला असते, तिचा नवरा निसार पिकअपवर कांदा वाहतो. दोघींचं चांगलं जमतं. मासूमानं आधी स्वतःचं नाव शोधलं, मग बोट वर नेलं.

"सदतीस. सावळीराम. त्यांच्या खाली कुसाबाई. त्यांच्या खाली तुम्ही, मावशी. पुढं लिहिलंय, आश्रित."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या जिवावर असलेली. मावशी, नवीन वस्तीत एका कुटुंबाला एक प्लॉट, वर दोन खोल्या. कुटुंब म्हणजे चूल. तुमची चूल यात नाहीच."

"आगं, पण विधवा बाईला येगळं धरत्यात म्हणत होते."

"धरतात ना. पण बाई वेगळी राहत असली तर, असा यांचा नियम आहे. तुम्ही तर आपल्या तोंडानं, नाही, आपल्या मानेनं एकत्र सांगितलं."

त्या दिवशी चाळीत दिवसभर चांगुणाच्या हातून चांगले कांदे खराबच्या ढिगात पडत राहिले आणि मुकादमानं दोनदा हटकलं.

भीती तिला काही नवी नव्हती. गेणूला दवाखान्यात नेलं तेव्हा भ्याली, गोठ्यातल्या पहिल्या पावसाळ्यात भ्याली. पण तेव्हा जवळ काहीतरी करायला असायचं. छत गळलं तर पत्रा, पोर आजारी पडली तर गाडी. या यादीला काय करायचं? दोन खोल्यांत मागचं दार नाही, गोठा नाही. तिथं आबांच्या डोळ्यांसमोर, कुसाबाईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पथारी टाकायची आणि ताटात कुणी वाढेल तेवढं खायचं. किंवा मग भांडी पुन्हा बाहेर, आणि या खेपेला बाहेर म्हणजे नुसता रस्ता. लेकीकडं जावं तर कायमची कशी जाणार? आणि गेली, तर सांगणार काय? हाच विचार तिला चालताना, कापताना, निवडताना सोडेना. भाकरी तव्यावर जळायची आणि ती बघत राहायची.

यादीवर हरकत घ्यायला महिनाभराची मुदत होती. आणि इथं गावानं गंमत केली. गंमत कसली, गोंधळ! चूल म्हणजे प्लॉट हे एकदा कळल्यावर, ज्यांची घरं कधी फुटली नव्हती त्यांनीही ती फोडून घेतली. सख्खे भाऊ एका ताटात जेवून उठायचे आणि पडवीत दुसरी चूल मांडायचे. तीन विटा ठेवल्या की चूल. तिच्यावर जुनं टायर जाळलं की भिंत काळी, झाली चौदा वर्षांची चूल! कालपर्यंत जी लोकं फुटलेलं घर झाकत होती, ती आता न फुटलेलं घर फुटकं म्हणून दाखवायला निघाली. चांगुणाची खरी चूल त्या गर्दीत कोण ओळखणार?

तरी मासूमानं अर्ज लिहिला आणि चांगुणानं सही केली. सही करताना तिचं अक्षर इतकं हललं की मासूमानं विचारलं, "ही तुमचीच ना?" अर्ज दिल्यापासून आबा समोरून आले की ती गल्ली बदलायची. त्यांना कळलं असेल का? त्यांच्या तोंडावरून काही कळायचं नाही. कुसाबाई सूप घेऊन येत राहिली, तिनंही काही विचारलं नाही.

मग बातमी आली की हरकती बघायला साहेब स्वतः येणार, आणि ज्यांनी खोट्या चुली मांडल्यात त्यांची वेगळी यादी होऊन पोलिसांत जाणार. शेजारच्या गावात दोघांना चौकीवर बसवून ठेवलं होतं म्हणे. बोरदऱ्यातल्या निम्म्या नव्या चुली त्याच दिवशी मोडल्या. विटा पुन्हा न्हाणीत गेल्या. चांगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. खोटी ठरले तर? आपल्याला चौकीवर बसवलेलं देवळ्याला कळलं तर? ती मासूमाला म्हणाली, "अर्ज मागं घ्यू का गं?"

"तुमची चूल खरी आहे ना, मावशी? मग? खऱ्याला काय धाड भरली?"

हे मासूमा बोलली खरं, पण साहेब कोणत्या दिवशी येणार ते कळल्यावर तिलाही धाकधूक होतीच. संक्रांतीच्या आठवड्यातला मंगळवार होता.

आता पुढचं ऐका. घरी साहेब येणार म्हटल्यावर बोरदऱ्यातली बाई काय करते? जे तिच्या आईनं केलं असतं, आजीनं केलं असतं, तेच. चांगुणा सकाळी उठली, दारात सडा टाकला, जमीन सारवली. जाळ्या काढल्या. आणि पांढऱ्या मातीचा गोळा भिजवून चौदा वर्षांच्या धुरानं काळीकुट्ट झालेली ती भिंत वरपासून खालपर्यंत पोतेऱ्यानं शुभ्र करून टाकली. चूलही सारवली. तिच्या कडेनं गेरूची रेघ ओढली. परकं माणूस घरात येणार, काळी भिंत दाखवायची? काय म्हणतील! हात धुवून ती मागं सरली, घराकडं बघितलं, आणि कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

मासूमा दारात आली आणि तिथंच मटकन बसली.

"मावशी, अल्ला! हे काय करून बसलात तुम्ही?"

"का? साहेब यायचे म्हून…"

"साहेब हीच भिंत बघायला येतायत! काळी भिंत! चूल जुनी आहे हे कशावरून कळणार होतं?"

चांगुणानं भिंतीकडं बघितलं. पांढरी, ओली, नवी कोरी. कालची चूल.

आणि भ्यालेलं माणूस काय करतं, तेच तिनं केलं. मासूमा "नको, नको मावशी" म्हणत असताना तिनं काटक्यांची जुडी पेटवली, वर थोडं रॉकेल शिंपडलं आणि तो धुराचा लोळ भिंतीशी धरला. ओल्या मातीवर काजळी धरते थोडीच! नुसते काळे ओघळ उतरले. ती पुसायला गेली तर राखाडी चिखल झाला. डोळ्यांतून पाणी, हाताला चटका, आणि मागून आवाज आला, "आत येऊ का?"

साहेब चाळिशीचे, चष्मेवाले. मागं स्नेहल, तिच्या मागं ग्रामसेवक आणि अर्धी गल्ली. साहेबांनी भिंतीला बोट लावलं. बोट ओलं आणि काळं निघालं. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. रागावले नाहीत, हसले, आणि ते हसणं चांगुणाला चौकीपेक्षा भयंकर वाटलं.

"आज सकाळीच का, बाई?"

"साहेब, खरी हाय चूल… म्या सारवली… तुमी येनार म्हून सारवली…" मासूमा मध्ये पडून सगळं सांगायला लागली, तर साहेबांनी हात वर केला. "सकाळपासून अकरा घरं बघितली. सगळीकडं असंच काहीतरी कारण असतं." मग स्नेहलकडं वळून म्हणाले, "तुमच्या नोंदीत काय आहे?"

स्नेहलचं तोंड उतरलं होतं. पोरगी खोटं बोलणारी नव्हती. "सर, मागच्या वर्षी मी यांना स्वतः विचारलं होतं. एकत्र म्हणाल्या." मग चांगुणाकडं बघून हळूच, "मावशी, तेव्हा का नाही सांगितलंत हो?"

काय सांगणार! सोयरीक, देवळा, रीत, ओट्यावरचा चहा, हे त्या टॅबच्या कोणत्या खणात बसलं असतं?

साहेब म्हणाले, "घराच्या कर्त्यानं पंचांसमोर सांगितलं, की या बाई वेगळ्या राहतात, तर मी लिहीन. दुपारी पंचायतीत या. नाही सांगितलं, तर माझा नाइलाज आहे, खोट्या हरकतीत नाव जाईल."

घराचा कर्ता म्हणजे आबा. ज्यांनी हयातभर चारचौघांत कधी घर फुटलंय म्हणून कबूल केलं नव्हतं, ते. चांगुणा दुपारपर्यंत गोठ्यात नुसती बसून होती. मासूमानं चहा करून पुढं ठेवला, तो तसाच गार झाला. एकदा ती उठून शेळीकडं गेली. शेळीला सांगावं, आबांना म्हणावं खरं सांगा. पण आबा ओट्यावर नव्हते, ते आधीच पंचायतीकडं गेले होते. ऐकणार कोण?

पंचायतीसमोर शंभरेक माणसं जमली होती. कुणाचं काय होतंय ते बघायला तर अर्धं गाव. आबा पुढं खुर्चीत, पांढरी टोपी, काठी मांडीवर आडवी. कुसाबाई बायकांत बसलेली, आवाजाच्या दिशेनं मान वळवत होती. चांगुणा खांबाला धरून उभी राहिली.

"सावळीराम आबा," साहेब म्हणाले, "तुमच्या घरात चुली किती?"

आबांनी गावाकडं बघितलं. गाव पायाकडं बघत होतं.

"एक," आबा म्हणाले.

सवयच ती. इतकी वर्षं तोंडात बसलेला शब्द, विचारायच्या आधीच बाहेर पडला. साहेबांनी पेन उचललं. मासूमानं चांगुणाचा दंड घट्ट धरला. साहेब लिहायला वाकले, आणि तेवढ्यात एक आवाज आला. खरखरीत आणि मोठा. गावानं चमकून बघितलं. चांगुणालाही क्षणभर कळलं नाही की हा आपलाच आवाज आहे.

"आबा, माझी भांडी मागं कुनी ठिवली?"

एकतीस वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती, तेही भर पंचायतीत, डोळ्याला डोळा देऊन. आबांची मान खाली गेली. काठी मांडीवरून घसरून पडली, ती उचलायला कुणी पुढं झालं नाही. साहेब कंटाळून काही म्हणणार, तोच आबा बोलले. आवाज इतका बारीक की मागच्यांना कळलाच नाही.

"मीच."

"जरा मोठ्यानं, आबा."

"मी ठिवली. चौदा वर्षं झाली. दोन चुली हायेत, साहेब. लिवा." आणि मग टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. "पोरीच्या शिक्षनावरनं. माझीच चूक व्हती ती."

साहेबांनी लिहिलं. मागं कुणीतरी सुस्कारा सोडला. मासूमा रडायला लागली आणि हसायलाही लागली. चांगुणानं खांब सोडला. तिला वाटलं आता भीती जाईल. पण ती गेली नाही.

स्नेहल तिला पंचायतीच्या पायरीवर घेऊन बसली. आता नवीन कुटुंब म्हणजे नवीन फॉर्म, सगळे प्रश्न पहिल्यापासून. सही आधीच घेऊन टाकली, साहेबांना जायची घाई होती. कागदावर लिहिलं होतं, मासूमानं वाचून दाखवलं, की सदतीस नंबरच्या घराशी, त्याच्या प्लॉटशी आपला संबंध नाही. कुटुंब क्रमांक एकशे बारा. कुटुंबप्रमुख चांगुणा. सदस्यसंख्या एक.

"मावशी, थोडेच प्रश्न आहेत. अडीअडचणीला, दुखण्याखुपण्याला तुमच्याकडे कोण धावून येतं?"

"कुसाबाई," चांगुणा म्हणाली.

"त्या तुमच्या कोण?"

"जाऊ माझी. त्या बसल्यात त्या."

"पण त्या आता वेगळ्या कुटुंबात ना? मग नातेवाईक लिहिते." स्नेहलनं टिचकी मारली. "आणि प्लॉट चिठ्ठीनं निघतील बरं का. माळावर एका बाजूला शंभर आहेत, बाकीचे ओढ्यापलीकडे. शेजार बदलला तर जीवनावर किती परिणाम होईल असं वाटतं? काहीच नाही, थोडा, बराच, खूप?"

चांगुणा उत्तर देणार, तोच कुसाबाई आली. भिंत चाचपत, पायरी चाचपत. तिला कुणी हात दिला नव्हता. चांगुणाच्या खांद्याला हात लागल्यावर ती खाली बसली.

"चांगुणे, चिठ्ठी म्हंजी कुटं बी निघल ना तुझं?"

"हां."

"ओढ्यापलीकडं निघलं तर मला वाट कशी दिसायची गं?"

स्नेहल टॅबवर बोट धरून थांबली होती. चांगुणानं जावेचा हात आपल्या हातात घेतला. सही झाली होती. साहेबांची गाडी निघून गेली होती.

"लिव बाई," ती स्नेहलला म्हणाली, "काय लिवायचं ते लिव."